मोटारगाडीचा मुका आधार

मोटारगाडीचे कांहीं भाग बोलके असतात आणि कांहीं मुके असतात. बॅटरी उतरली कीं गाडी सकाळीं दारांतच अडून बसते. चाकांतली हवा गेली तर चार पावलें जातांच कळतें. ब्रेकचीं पॅडें झिजलीं कीं तीं किंचाळूं लागतात. परंतु गाडीचा पुढचा सारा भार ज्यांच्या खांद्यावर असतो, ते पुढच्या चाकांमागचे दोन खांब, ज्यांना यंत्रशास्त्रांत ‘स्ट्रट’ म्हणतात, ते झिजले तरी बहुधा तक्रार करीत नाहींत. ते दररोज केंसभर दुबळे होत जातात, आणि चालकाचा हातही दररोज केंसभर त्यांच्या दुबळेपणाशीं जुळवून घेतो. लाखभर किलोमीटर धांवलेल्या गाडीच्या मालकास ‘गाडी कशी चालते?’ असें विचारल्यास तो प्रामाणिकपणें सांगतो कीं, ‘पहिल्यासारखीच.’ त्याचें म्हणणें खोटें नसतें. पहिली चाल कशी होती याची त्याची आठवणच गाडीबरोबर झिजलेली असते.

या झिजेकडे दुर्लक्ष होण्यास आणखीही एक कारण आहे. स्ट्रट म्हणजे सुखसोयीची वस्तु, बसणाऱ्याच्या पाठीला धक्के लागूं नयेत म्हणून केलेली योजना, असा सर्वसाधारण समज आहे. त्यामुळें गाडी जुनी झाली कीं मालक मनाशीं म्हणतो, ‘थोडे धक्के बसले तर बसूं देत, आतां या गाडीवर आणखी खर्च कशाला?’ हा समज निम्माच खरा आहे. पाठीचें सुख हें स्ट्रटचें दुय्यम काम होय. चाक जमिनीला चिकटवून ठेवणें हें त्याचें मुख्य काम आहे, आणि त्या कामाचा संबंध सुखाशीं नसून जिवाशीं आहे. आजच्या भाषणाचा विषय हाच कीं, पुष्कळ धांवलेल्या गाडीचे स्ट्रट कां झिजतात, तें कसें ओळखावें, आणि ते बदलतांना कोणती सावधगिरी बाळगावी.

प्रथम स्प्रिंगचा स्वभाव पाहूं जातां असें दिसतें कीं, रस्त्याचा हिसका सरळ सांगाड्यास लागूं नये म्हणून चाक व सांगाडा यांच्यामध्यें लवचिक पोलाद घालण्याची युक्ति घोडागाडीच्या काळापासून चालत आलेली आहे. व्हिक्टोरियाच्या खालीं कमानी असत. मालमोटारींच्या खालीं आजही कमानपाटे असतात. हे पाटे एकमेकांवर घासतात, आणि त्या घर्षणामुळें त्यांची हालचाल कांहीं अंशीं आपोआप शमते. सांप्रतच्या लहान मोटारींना पुढच्या बाजूस वळ्यावळ्यांची पोलादी स्प्रिंग असते. ती हलकी आणि आटोपशीर खरी, पण तिच्यांत घासण्यासारखें कांहीं नसल्यामुळें एकदां दाबून सोडली कीं ती वरखालीं नाचत राहते.

घरांतल्या झोपाळ्याचेंही असेंच असतें. एक झोका दिला कीं तो आपला येत जात राहतो. त्यावर बसलेल्या आजीबाईंना तो थांबवावयाचा असला म्हणजे त्या पायाचा अंगठा जमिनीला हळूच टेकवितात, आणि दोन झोक्यांत झोपाळा शांत होतो. स्प्रिंग हा झोपाळा होय. आणि शॉकअब्सॉर्बर, ज्याला गॅरेजांत थोडक्यांत ‘शॉकअप’ म्हणतात, तो आजीबाईंचा अंगठा होय. नांवावरून असें वाटतें कीं धक्का तोच खातो. वस्तुतः धक्का खाते ती स्प्रिंग, आणि शॉकअब्सॉर्बर त्या स्प्रिंगला आवरतो.

विसाव्या शतकाच्या आरंभीं हें आवरण्याचें काम एकमेकांवर घासणाऱ्या चकत्यांकडून करून घेत असत. पुढें तेलाची योजना आली, आणि ती आजतागायत टिकून आहे. तिचें तत्त्व रंगपंचमीच्या पिचकारीवरून सहज समजतें. पिचकारी हळू दाबली तर पाणी मुकाट्यानें निघून जातें. जोरानें दाबली तर तेंच पाणी हाताला विरोध करतें. शॉकअब्सॉर्बर ही एक बंद पिचकारीच आहे. नळीमध्यें तेल असतें, तेलांत पिस्टन असतो, पिस्टनला बारीक छिद्रें असून त्यांवर पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा असतात. चाक वर उचललें गेलें कीं पिस्टन एका दिशेस सरकतो, खालीं आलें कीं दुसऱ्या दिशेस. आणि प्रत्येक वेळीं तेलाला त्या चिंचोळ्या वाटेनें जावें लागतें. अशा रीतीनें स्प्रिंगच्या नाचण्यांतली शक्ति तेलाच्या उष्णतेंत रूपांतर पावते. खडबडीत रस्त्यावरून बराच वेळ धांवलेल्या गाडीचा शॉकअब्सॉर्बर हाताला ऊन लागतो, तो यामुळेंच. तेलाला फेंस येऊं नये म्हणून पुष्कळ शॉकअब्सॉर्बरांत दाबाखालीं नायट्रोजन वायूही भरलेला असतो. कारण फेंसाळलेलें तेल छिद्रांतून फारसा विरोध न करतां निसटतें.

आतां शॉकअब्सॉर्बर आणि स्ट्रट यांमधील भेद पाहिला पाहिजे, कारण जुन्या गाडीच्या दुखण्याचें मूळ त्या भेदांत आहे. दुसरें महायुद्ध संपण्याच्या सुमारास अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें शेव्हरोले या नांवाखालीं एक हलकी व स्वस्त गाडी काढण्याचें योजिलें, आणि तिच्या रचनेचें काम अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याकडे दिलें. ती गाडी बाजारांत आलीच नाहीं. १९४७ मध्यें ती योजना सोडून देण्यांत आली व मॅकफर्सन फोर्ड कंपनींत गेले. तेथें त्यांची कल्पना फळास आली. फोर्डच्या इंग्लंडमधील शाखेनें १९५० मध्यें लोकांपुढें आणलेल्या कॉन्सल व झेफिर या गाड्यांना त्यांच्या पद्धतीची रचना होती.

ती कल्पना अशी. त्यापूर्वीं पुष्कळ गाड्यांत पुढचें प्रत्येक चाक दोन आडव्या बाहूंनीं धरलेलें असे, एक वरचा बाहू व एक खालचा. स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर हे त्यांच्यामध्यें वेगळे बसविलेले असत. मॅकफर्सन यांनीं वरचा बाहू काढूनच टाकला. शॉकअब्सॉर्बरची नळी जाड व बळकट करून तिचें खालचें टोंक चाकाच्या धारकाला घट्ट जोडलें, दांड्याचें वरचें टोंक रबरी बैठकीच्या द्वारें सांगाड्याला अडकविलें, आणि स्प्रिंग तिच्याच अंगाभोंवतीं बसविली. पर्यायानें शॉकअब्सॉर्बर हा स्वतःच खांब झाला. सुकाणूचक्र फिरविलें कीं हा सारा खांब चाकाबरोबर फिरतो. यास्तव वरच्या बैठकींत एक बेअरिंगही असतें. सुटे भाग कमी झाले, वजन कमी झालें, खर्च वांचला, आणि इंजिन आडवें बसविण्यास मधली जागा मोकळी झाली. लहान गाड्यांच्या कारखानदारांना ही रचना प्रिय झाली, यांत नवल नाहीं.

भारतांत ही रचना घरोघर पोंचली ती मारुति ८०० या गाडीबरोबर. १९८३ च्या डिसेंबरांत ती गाडी रस्त्यावर आली. तत्पूर्वीं मध्यमवर्गीय कुटुंबांना परिचित असलेल्या गाड्यांत अॅम्बॅसडरला पुढें पिळाचे दांडे असत व पद्मिनीला दोन बाहूंची रचना असे. दोहोंच्याही मागें कमानपाटे. मारुतीच्या पुढच्या चाकांवर मात्र मॅकफर्सन यांचे खांब होते. त्या गाडीचें उत्पादन २०१४ मध्यें बंद झालें, परंतु ती रचना राहिली. आज शहरांतील घरांसमोर उभ्या असलेल्या बहुतेक लहान गाड्यांचीं पुढचीं चाकें अशाच खांबांवर उभीं आहेत.

एका भागाकडून दोन कामें करून घेतलीं कीं काटकसर होते; पण तो भाग झिजला म्हणजे दोन्ही कामें एकदम बिघडतात, ही त्या काटकसरीची दुसरी बाजू होय. साधा शॉकअब्सॉर्बर झिजला तर गाडी उसळते, परंतु चाक बाहूंनीं धरलेलें असतें. स्ट्रट हा आवरणाराही आहे आणि धरणाराही. ब्रेक लावतांना आणि वळण घेतांना येणारा आडवा ताण त्याचा दांडाच सोसतो. दांडा एका अंगाला दाबला जातो, त्याची मार्गदर्शक बुशी हळुहळू एका बाजूनें खातो, आणि तेल अडवून धरणारें रबरी सील सैल पडूं लागतें.

ही झीज किती होते याचा अदमास शाळेंतल्या गणितानेंही करतां येतो. एक लाख किलोमीटर अंतर ताशीं सरासरी ३० किलोमीटर वेगानें काटावयाचें तर सुमारें ३,३३३ तास लागतात. म्हणजे १ कोटि २० लक्ष सेकंद झाले. रस्त्यावर धांवतांना स्ट्रट दर सेकंदास निदान एकदां खालीवर होतो असें धरलें, तरी त्या दांड्यानें सीलमधून एक कोटीहून अधिक येरझारा केलेल्या असतात. त्यांत आपल्याकडील पावसाळ्याचे खड्डे, माहितीशिवाय समोर येणारे गतिरोधक, आणि चिखल यांची भर पडते. दांड्यावरचें रबरी धूळरक्षक फाटलें कीं चिखलाचे कण त्या गुळगुळीत दांड्यावर बसतात आणि प्रत्येक येरझारेला सीलवर कानशीप्रमाणें घासतात. म्हणून अमुक किलोमीटरला स्ट्रट संपलाच असा नियम सांगतां येत नाहीं. चांगल्या रस्त्यावरचा स्ट्रट लाख किलोमीटर ओलांडून जातो, आणि खडीच्या रस्त्यावरचा पन्नास हजारांतच मान टाकतो. तथापि ८० हजार किलोमीटरच्या पुढें गेलेल्या गाडीचे स्ट्रट दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं व नंतर तपासून घ्यावे, हा व्यवहारी नियम होय.

झिजलेल्या स्ट्रटनें नेमका धोका काय होतो? टायर कितीही उत्तम असला आणि ब्रेक कितीही ताजे असले, तरी त्यांची सारी शक्ति टायरच्या तळहाताएवढ्या भागांतून जमिनीशीं व्यवहार करते. तो तळहात जमिनीवर दाबलेला असेल तोंवरच ब्रेक हा ब्रेक, आणि सुकाणू हें सुकाणू. आवरणारें कोणी नसलें म्हणजे खडबडीत रस्त्यावर चाक सेकंदाला दहा-बारा वेळां उसळूं शकतें. ताशीं ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. चाक एकदशांश सेकंद जरी जमिनीवर हलकें टेकलेलें राहिलें, तरी तितक्या अवधींत गाडी पावणेदोन मीटर पुढें गेलेली असते, आणि त्या अंतरांत त्या चाकाचा ब्रेक जवळजवळ निरुपयोगी असतो. कोरड्या, सपाट रस्त्यावर सावकाश जातांना हें जाणवत नाहीं. भर पावसांत बोरघाट उतरतांना वळणावर पुढची मालमोटार एकाएकीं थांबली, तर मात्र तेच दोन मीटर हिशेब मागतात. चाकें अडकूं न देणारी आधुनिक ब्रेकव्यवस्था गाडींत असली, तरी तीही याला अपवाद नाहीं. हवेंत असलेल्या चाकाला पकड देण्याचें सामर्थ्य कोणत्याही यंत्रांत नाहीं.

स्ट्रट झिजला आहे हें ओळखावयाचें कसें? जाणकारांच्या परीक्षा साध्या आहेत, पण त्या एकट्या एकट्या न घेतां एकत्र घ्यावयाच्या असतात. पहिली परीक्षा डोळ्यांची. चाक सुकाणूनें एका बाजूस वळवून आंत पाहिलें असतां स्ट्रटची नळी दिसते. तिच्यावर धुळीचा कोरडा थर असावा. किंचित् तेलकट छटा दिसली तर घाबरण्याचें कारण नाहीं. परंतु नळी ओली असून तेलाचे ओघळ खालपर्यंत आलेले असले, तर सील गेलें असें समजावें. दुसरी परीक्षा टायरची. टायरवरून तळहात फिरवितांना त्यावर ठिकठिकाणीं वाटीसारखे खळगे लागले, तर चाक रस्त्यावर घासत न जातां टप्पे घेत गेलें आहे असें अनुमान निघतें. तिसरी परीक्षा चालीची. ब्रेक लावतांच गाडीचें नाक फार खालीं जाणें, गतिरोधक ओलांडल्यावर ती दोन-तीनदां डोलत राहणें, महामार्गावर आडव्या वाऱ्यानें किंवा मोठ्या गाडीच्या झोतानें ती भरकटणें, हीं सारीं लक्षणें एकाच रोगाकडे बोट दाखवितात.

गाडीचा कोपरा दोन्ही हातांनीं दाबून सोडण्याची परीक्षा सर्वांस ठाऊक आहे. गाडी एकदां वर येऊन स्थिर झाली तर स्ट्रट चांगला, उसळत राहिली तर वाईट, असें मानतात. यांतला दुसरा भाग खरा आहे. पहिल्या भागावर मात्र विसंबूं नये. हातानें दिलेली गति फार मंद असते, आणि निम्मा झिजलेला स्ट्रटही तेवढ्या गतीला आवरूं शकतो. म्हणजे या परीक्षेंत जो नापास झाला तो खचित गेला. जो पास झाला त्याची परीक्षा अजून व्हावयाची आहे, इतकाच तिचा अर्थ.

याच्या उलट चूकही पुष्कळदां घडते. गाडीच्या पुढून ‘खट्‌खट्’ असा आवाज आला कीं तो स्ट्रटचाच, असें ठरवून मोठा खर्च केला जातो, आणि आवाज जसाच्या तसा राहतो. खड्ड्यांतून जातांना येणारा आवाज पुष्कळदां स्थिरकाच्या लहान जोडदांड्याचा, म्हणजे गॅरेजच्या भाषेंत लिंक रॉडचा असतो, अथवा खालच्या बाहूच्या रबरी बुशांचा किंवा गोळ्याच्या सांध्याचा असतो. उभ्या गाडीचें सुकाणू फिरवितांना स्प्रिंग ताणून सुटल्यासारखा ‘टंग’ असा नाद आला, तर बहुधा वरच्या बैठकीचें बेअरिंग धरलेलें असतें. ठराविक वेगालाच सुकाणू थरथरत असेल तर चाकांचा तोल पाहावा. गाडी एका बाजूस ओढत असेल तर प्रथम टायरमधील हवा मोजावी. त्याला कांहीं खर्च नाहीं. शहाणा कारागीर गाडी वर उचलून एकेक सांधा हातानें हलवून पाहतो आणि मगच बोलतो. गाडी न पाहतांच, केवळ ऐकून, जो चारही शॉकअप बदलावयास सांगतो, त्याच्याकडे गाडी सोडण्यापूर्वीं दुसऱ्या कारागिराचें मत अवश्य घ्यावें.

निदान पक्कें झालें म्हणजे खर्चाचा प्रश्न येतो. ‘गळतो आहे तो एकच बदला’ ही मालकाची पहिली मागणी असते. ती मान्य करूं नये. दोन्ही बाजूंचे स्ट्रट एकाच रस्त्यावरून तितकेच किलोमीटर आलेले असतात. एकानें आज हात टेकले तर दुसरा फार दूर नसतो. शिवाय एका बाजूस ताजा व दुसऱ्या बाजूस थकलेला अशी जोडी असली, तर ब्रेक लावतांना व वळण घेतांना गाडीच्या दोन अंगांचें वागणें निराळें होतें. म्हणून पुढचे दोन बदलावयाचे तर दोन्ही एकदम, आणि मागचे दोन बदलावयाचे तर तेही एकदम. चारही एकाच वेळीं बदलावे असा मात्र नियम नाहीं. मागचे शॉकअब्सॉर्बर पुष्कळ लहान गाड्यांत स्प्रिंगपासून वेगळे असतात व त्यांवरचा भारही कमी असतो. ते तपासून, कोरडे व सशक्त आढळल्यास तसेच ठेवण्यास हरकत नसते.

दुसरा प्रश्न जुनेच स्ट्रट ‘बनवून’ घेण्याचा. जुनी नळी कापून, नवें तेल व नवें सील घालून, वरून रंग देऊन विकलेले स्ट्रट स्वस्त मिळतात. परंतु झिजलेला दांडा आणि सैल झालेल्या झडपा रंगानें बऱ्या होत नाहींत. जो भाग चाक धरून ठेवतो, त्याच्या बाबतींत ही काटकसर करूं नये. नामांकित कारखान्याचा, त्याच गाडीसाठीं बनविलेला माल घ्यावा. डावा व उजवा स्ट्रट बहुधा निरनिराळे असतात, तें खोक्यावरील खुणेनें पडताळून पाहावें. स्ट्रटबरोबर वरची रबरी बैठक, तिचें बेअरिंग, धूळरक्षक आणि आंतील रबरी टेकणही नवें घालावें. हीं लहान वस्तूंचीं किंमत मोठी नसते, आणि त्यांसाठीं पुन्हां सारी गाडी खोलावी लागली तर मजुरी दुप्पट पडते. स्प्रिंग मात्र तुटलेली, गंजानें खाल्लेली किंवा खचलेली नसेल तर जुनीच पुन्हां वापरतां येते.

येथें एका गोष्टीवर विशेष जोर दिला पाहिजे, कारण ती न कळल्यामुळें प्राणावर बेतूं शकतें. गाडीचें झांकण उघडलें कीं दोन्ही बाजूंस स्ट्रटच्या माथ्यावरची बैठक दिसते. तिच्या कडेला दोन किंवा तीन लहान नट असतात आणि मध्यभागीं एक मोठा नट असतो. कडेचे नट सोडले कीं सबंध स्ट्रट खालून बाहेर निघतो. मधला नट हा दाबून कोंडलेल्या स्प्रिंगचा दरवाजा आहे. सुमारें ९०० किलो वजनाच्या गाडीच्या पुढच्या एकेका स्प्रिंगवर अडीचशे किलोंहून अधिक भार असतो, यावरून तिच्या जोराची कल्पना यावी. स्प्रिंग आवळून न धरतां तो मधला नट कोणीं सोडला, तर वरची बैठक तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. घरीं हौसेनें पाने घेऊन बसणाऱ्या तरुणांनीं हा एक नट कधींही, कोणत्याही कारणानें, हातीं धरूं नये. तो सोडावयाचा तो स्ट्रट गाडीबाहेर काढल्यावर, स्प्रिंग दाबून धरणाऱ्या उपकरणांत ती दोन्ही बाजूंनीं सारखी आवळल्यावर, आणि स्प्रिंग बैठकीपासून सुटी झालेली डोळ्यांनीं पाहिल्यावरच. दोरी, तार किंवा साखळी बांधून हें काम करणारा कारागीर कितीही अनुभवी म्हणवीत असला, तरी त्याच्या दुकानांतून गाडी परत आणावी. अशा ठिकाणीं मालकाची गाडी तर धोक्यांत असतेच, पण त्याहून अधिक त्या दुकानांतला पंधरा-सोळा वर्षांचा मदतनीस मुलगा धोक्यांत असतो.

योग्य कारागिराचें काम पाहण्यासारखें असतें. तो गाडी सपाट फरशीवर उभी करून मागच्या चाकांना अडसर लावतो. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतांनाच थोडे सैल करतो. जॅकनें उचलल्यावर गाडी जॅकवर न ठेवतां लोखंडी घोड्यांवर टेकवितो. ब्रेकची रबरी नळी व चाकाजवळची विजेची तार स्ट्रटपासून सोडवून बाजूस घेतो, आणि चाकाचा धारक त्या नळीवर लोंबकळूं नये म्हणून त्याला खालून आधार देतो. धारकाला स्ट्रट जोडणाऱ्या दोन बोल्टांची जागा खडूनें खुणावून ठेवतो. नवा स्ट्रट बसविण्यापूर्वीं तो उभा धरून त्याचा दांडा सावकाश चार-पांच वेळां खालीवर करतो, म्हणजे आडव्या खोक्यांत पडून तेलांत शिरलेली हवा वर निघून जाते. दांडा फिरूं नये म्हणून तो त्याला पक्कडीनें कधींही धरीत नाहीं; कारण पक्कडीचा एक ओरखडा नव्या सीलला थोड्याच दिवसांत फाडतो. स्प्रिंगचें टोंक खालच्या वाटींतील पायरीला नीट भिडलें आहे कीं नाहीं, हें पाहूनच तो उपकरण सैल करतो. आणि शेवटीं प्रत्येक बोल्ट, आवळण्याचा जोर दाखविणाऱ्या पान्यानें, कारखान्यानें सांगितलेल्या मापापर्यंत आवळतो.

काम येथें संपलें असें वाटतें, पण संपत नाहीं. स्ट्रट हा चाक धरणारा खांब असल्यामुळें तो बदलला कीं चाकाचा कल आणि रोंख सूक्ष्मपणें बदलतो. म्हणून त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं चाकांची जुळणी, जिला अलाइनमेंट म्हणतात, ती करून घेतलीच पाहिजे. ती टाळली तर नव्या स्ट्रटवर जुनें चाक तिरकें धांवतें आणि थोड्याच महिन्यांत टायरची एक कड साफ होते. मग ‘एवढा खर्च करूनही टायर गेलेच’ असा दोष स्ट्रटच्या माथीं येतो. पांचसातशे किलोमीटर झाल्यावर एकदां सर्व नट-बोल्ट पुन्हां तपासून घ्यावे. वहींत तारीख, किलोमीटरचा आंकडा आणि घातलेल्या मालाचें नांव टिपून ठेवावें. तीन वर्षांनीं तीच वही कोणत्याही कारागिरापेक्षां अधिक खरें सांगते.

आतां राहतो तो मूळ प्रश्न, कीं लाख-सव्वा लाख किलोमीटर धांवलेल्या गाडीवर हा खर्च करावा कीं नाहीं. गाडी वर्षभरांत विकावयाची असली तर पुष्कळ मालक ‘तें पुढचा बघून घेईल’ असें म्हणतात. हिशेबाच्या दृष्टीनें तें बरोबर दिसतें. परंतु त्या वर्षभरांत तीच गाडी मुलांना शाळेंत पोंचविते, तीच आईवडिलांना दवाखान्यांत नेते, आणि तीच मे महिन्यांत माणसें व सामान भरून घाट उतरते. शिवाय रस्ता एकट्या मालकाचा नाहीं. चेंडूमागें धांवत रस्त्यावर आलेल्या मुलापासून एक मीटरवर गाडी थांबते कीं एक मीटर पुढें जाऊन थांबते, हें त्या दोन खांबांवर अवलंबून असूं शकतें. आणि मालकानें खर्च पुढें ढकलला आहे, हें त्या मुलाला ठाऊक नसतें. गाडी जुनी असणें हा दोष नव्हे. ती वापरावयाची असेल तोंवर तिचीं चाकें जमिनीवर ठेवणें ही तिच्या मालकाची जबाबदारी आहे. ती पार पाडावयास नको असेल, तर गाडी दारांत उभी ठेवून बसनें जावें, हेंच अधिक सरळ.